शंभर टक्के ब्लॉक

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बाप्पा! कारण मी सांगायला लागलो की माझं तोंड इतकं केविलवाणं होतं, की समोरच्याला हसायची लाज वाटते. एका साध्या शब्दापायी मी नऊ दिवस उकडलेला दुधी खाल्ला, अख्ख्या गल्लीला फसवलं आणि एका भल्या माणसाचा जीव जवळजवळ घालवला होता. चहा घ्या, सांगतो.

मी महाल भागातल्या एका शाळेत भूगोल शिकवतो. आणि चोरून कादंबरी लिहितो. चोरून म्हणजे अगदी चोरून! बायको सोडली तर कोणालाच माहीत नव्हतं. दारू पिणारा माणूससुद्धा चार मित्रांना विश्वासात घेतो, माझी तेवढीही हिंमत नव्हती. भूगोलाच्या मास्तरची कादंबरी म्हटल्यावर स्टाफरूमनं मला रिटायर होईपर्यंत जगू दिलं असतं का?

कादंबरी विणकरांवर होती. माझे आजोबा मागावर बसायचे, त्यामुळे विषय घरचाच. नायक सदाशिव, कामठीचा तरुण कोष्टी. डोक्यावर लुगड्यांचं गाठोडं घेऊन तो कन्हान नदीच्या काठावर येतो. पलीकडच्या गावात त्याची ती राहते. त्यानं नदी ओलांडायची आणि तिला भेटायचं. साधं काम. सातव्या प्रकरणात मी त्याला काठावर आणून उभा केला.

तो सहा महिने तिथेच उभा राहिला!

काही केल्या पुढे जाईना. मी वारा सोडला, बगळे उडवले, चार वेळा सूर्य मावळवला. एकदा कंटाळून त्याला बिडी ओढायला लावली, तर ती बिडी तीन पानं जळत राहिली. रोज शाळेतून आलो की वही उघडायची, सदाशिवकडे बघायचं, सदाशिवनं माझ्याकडे बघायचं आणि वही मिटायची. मी शेवटी पुण्याच्या एका ओळखीच्या संपादकाकडे हस्तलिखिताची झेरॉक्स पाठवली. त्याचं दोन ओळींचं उत्तर आलं, 'मधल्या भागात अडकलंय. कापावं लागेल.'

त्याच दिवशी मी स्टाफरूममध्ये डोकं धरून बसलो होतो. आमचे पीटीचे वानखेडे सर आत आले. गळ्यात शिट्टी, हातात व्हॉलीबॉल. माणूस सोन्यासारखा, पण त्यांच्या कानात गेलेली गोष्ट मधल्या सुट्टीपर्यंत शाळेच्या शिपायापासून फाटकाबाहेरच्या चिवडेवाल्यापर्यंत सगळ्यांना पोचलेली असते.

"काय सर? तोंड काहून उतरलं?"

आता मी काय म्हणायला हवं होतं? काही नाही म्हणायचं आणि गप्प बसायचं. पण माणूस सहा महिने मनात ठेवून ठेवून किती ठेवणार? लेखकाचं लिहिणं अडलं की त्याला इंग्रजीत ब्लॉक म्हणतात; कादंबरीचं नाव न घेता तेवढंच मोघम बोलू, असं वाटलं आणि मी म्हणालो, "ब्लॉक आहे, सर."

व्हॉलीबॉल खाली पडला.

"ब्लॉक? तुम्हाले? कवापासून?"

"सहा महिने झाले."

"अन् आता सांगून राहिले! किती आहे?"

मला वाटलं, वा! वानखेडेंना साहित्यातलं कळतं म्हणायचं! मला भरून आलं. म्हटलं, "पूर्ण आहे. शंभर टक्के. काहीच पुढे सरकत नाही."

"अरे बाप्पा! त्रास होते का?"

"होतो तर! छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं."

"कोणाले दाखवलं?"

"पुण्याला एकाला दाखवलं. तो म्हणाला, मधल्या भागात अडकलंय, कापावं लागेल."

"मग?"

"मी साफ नाही म्हटलं. जीव गेला तरी कापू देणार नाही!"

वानखेडे सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला, खुर्चीवरची उशी काढून माझ्या पाठीला लावली आणि म्हणाले, "सर, तुम्ही जागचे हलू नका." मला वाटलं, काय हा रसिक माणूस! उगाच आपण यांना शिट्टीवाला समजत होतो.

दहा मिनिटांत हेडमिस्ट्रेस बाईंनी बोलावलं. दोन मुलं मला धरून न्यायला आली. जिन्यावर एक मला म्हणाला, "सर, हळू. एका पायरीवर दोन पाय ठेवा." तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा प्रकाश पडला. ब्लॉक! आपल्याकडे ब्लॉक म्हटल्यावर माणसाला काय आठवतं? कादंबरी आठवते का? ब्लॉक आला तो छातीतच, आणि निघाला तर दोन नाही तर तीन!

बाई फाइल बाजूला सारून उभ्याच होत्या. म्हणाल्या, "सर, एवढं मोठं दुखणं अन् तुम्ही चौथ्या मजल्यावर नववीचा तास घेता?"

"मॅडम, गैरसमज झालाय," मी घाईघाईनं म्हणालो, "तुम्ही समजता तसा ब्लॉक नाही हा. छातीबितीत काही नाही. हा डोक्यातला आहे."

बाई मटकन खाली बसल्या.

"डोक्यातला? मेंदूत?"

"म्हणजे मेंदूत तसा नाही…"

"शंभर टक्के? मेंदूत? अन् तुम्ही मुलांना अक्षांश-रेखांश शिकवून राहिले?" त्यांनी घंटी मारली, पाणी मागवलं. वानखेडे सर मागे दारात उभे होते, ते हुंदका गिळून म्हणाले, "तरीच परवा सर नकाशा उलटा लावून शिकवून राहिले होते!"

आता तुम्हीच सांगा, मी काय करायचं होतं? कादंबरीचं सांगितलं तर जन्माची थट्टा. नाही सांगितलं तर मेंदूच्या डॉक्टरकडे रवानगी. मी मधला मार्ग काढला. आयुष्यातलं सगळ्यात मोठं गाढवपण मी त्या एका वाक्यात केलं.

"नाही नाही मॅडम," मी म्हणालो, "छातीतलाच आहे."

बाईंना इतकं हायसं वाटलं, की त्यांनी जागेवर पंधरा दिवसांची रजा मंजूर केली.

मी घरी पोचायच्या आधी बातमी घरी पोचली होती. गल्लीच्या तोंडाशी वानखेडेंचा साडू राहतो, त्यानं आमच्या शेजारच्या कुसुमकाकूंना सांगितलं आणि कुसुमकाकूंनी माझ्या बायकोला, सुमनला. सुमन दारात उभी, डोळे लाल.

"मले नाही सांगतलं? जगाले सांगतलं, अन् मले नाही? मी काय परकी आहे?"

तिला आत नेऊन खरं काय ते सांगितलं. तिनं पदरानं डोळे पुसले आणि मग अशी भडकली म्हणता! "सदाशिव? त्या मेल्या सदाशिवच्या पायी माह्या काळजाचं पाणी झालं? आत्ताच्या आत्ता बाहेर जा अन् सगळ्याईले खरं सांगा!"

"सांगतो ना," मी म्हटलं, "पण सुमन, विचार कर. पंधरा दिवस रजा! पंधरा दिवस सलग लिहायला मिळालं तर सदाशिव पार होईल. मग सांगू."

सुमननं पदर कमरेला खोचला. म्हणाली, "मी खोटं बोलणार नाही. अन् तुमच्यासाठी खरं सांगायले जाणार नाही. तुमचं तुम्ही निस्तरा." आणि तिनं तो शब्द पाळला. कोणी विचारलं, सर कसे आहेत, की ती सांगायची, "आत पडून आहेत." आता मी पालथा पडूनच लिहितो, त्यामुळे त्यात खोटं काहीच नव्हतं.

पण लिहायला देतंय कोण! सकाळी आठपासून माणसं. एकानं येऊन सांगावं, डाव्या कुशीवर झोपू नका. तो जातो न जातो तोच दुसऱ्यानं सांगावं, उजव्या कुशीवर चुकूनही झोपू नका. एक गृहस्थ तर आले, माझ्या उशाशी बसले आणि म्हणाले, "माह्या मावसभावाले असंच झालं होतं. सकाळी पोहे खाल्ले, ढेकर दिली, अन् गेला!" एवढं बोलून त्यांनी सुमनला विचारलं, "वहिनी, पोहे केले का आज?"

पोहे! तेच तर बंद झाले. तर्री बंद, सावजी बंद, समोसा बंद. गल्लीतल्या बाया पाळीपाळीनं उकडलेला दुधी आणून द्यायच्या. सुमन तो मुद्दाम माझ्यासमोर ठेवायची आणि स्वतः पलीकडे बसून झणझणीत पाटवडी-रस्सा खायची. मी आशेनं बघितलं की म्हणायची, "तुम्हाले ब्लॉक आहे ना?"

आणि या सगळ्यावर कुसुमकाकूंचा काढा! अर्जुनाची साल, लसूण, आलं, आणखी काय काय. त्याची चव कशी सांगू? सायकलच्या ट्यूबमध्ये कारलं शिजवलं तर जो रस निघेल, तो. काकू सत्तरीच्या, पण पितळी पेला घेऊन पोलिसासारख्या उभ्या राहायच्या. "मास्तर, डोळे मिटा अन् ढोसा!" आणि शेवटचा थेंब जाईपर्यंत हलायच्या नाहीत. सकाळ-संध्याकाळ. सदाशिव तिकडे काठावर उभा, मी इकडे.

पाचव्या दिवशी काकूंनी आपल्या मोठ्या भावाला माझ्या भेटीला आणलं. नामदेवराव. कामठीला राहतात, सारी उमर पॉवरलूम दुरुस्त करण्यात गेली. काडीसारखा माणूस, गळ्यात दुपट्टा, तोंडभर हसू. काकू म्हणाल्या, "दादाले तीन ब्लॉक आहेत. पुढच्या सोमवारी बायपाससाठी भरती व्हायचं आहे. म्हटलं, तुमचं अन् त्याचं जमन."

मला तर जमिनीत जावंसं वाटलं. खरा ब्लॉकवाला माणूस माझ्या खोट्या ब्लॉकची विचारपूस करायला एवढ्या उन्हाचा आला होता!

पण नामदेवरावांनी दुखण्याचा विषयच काढला नाही. बसले, पाणी प्याले, म्हणाले, "दुखण्याचं काय बोलायचं सर, ते तर आहेच सोबत." आणि मग काकू काढा गरम करायला गेल्या तेव्हा, मला वाईट वाटू नये म्हणून, आपल्या लग्नाची गोष्ट सांगायला लागले. त्यांची बायको कन्हान गावची. लग्नाआधी हे तिला बघायला चोरून जायचे. मी दचकून उठून बसलो.

"म्हणजे नदी ओलांडून?"

"मग! एकदा असाच गेलो. काठावर येऊन अडलो. पाय पुढं टाकता येईना."

माझ्या अंगावर काटा आला. "का? पूर होता? मन कचरलं? समाजाचं बंधन आडवं आलं?" सहा महिन्यांत मी सदाशिवसाठी जी जी कारणं लिहून खोडली होती, ती सगळी मी त्यांना विचारली.

नामदेवराव माझ्याकडे बघतच राहिले. "पूर कायचा सर? पूल होता ना! पण पुलावर तिचा बाप उभा होता. सायकल घेऊन."

"मग तुम्ही काय केलं?"

"काय करता? त्याच्यापाशी गेलो अन् म्हटलं, काका, पलीकडं जाऊन राहिले का? डबल सीट घेता का? त्यानं घेतलं. सासऱ्याच्याच कॅरिअरवर बसून पोरगी पाहाले गेलो! रस्त्यात चढ लागला त मी उतरून मागून धक्काही देल्ला. त्यानं नाव-गाव विचारलं, काम विचारलं. दारात उतरवलं अन् म्हणे, पोरगा कामाचा दिसते, पाणी पिऊन जा."

मी नामदेवरावांना मिठी मारली. ते घाबरून "सर, छाती, छाती!" करत राहिले.

अहो, सहा महिने मी त्या नदीकडे बघत बसलो होतो, आणि पुलावर एक बाप उभा करायचं मला सुचलं नव्हतं! ते गेले आणि मी लिहायला बसलो. पालथा पडून नाही, चांगला मांडी घालून. चार दिवसांत चाळीस पानं! सदाशिव पुलावर गेला, सायकलवर बसला, पार झाला. शेवटची ओळ लिहिली आणि मला काय झालं कोण जाणे, मी बनियनवर, हातात पेन घेऊन, ओट्यावर पळत आलो आणि ओरडलो, "सुटला! अरे, ब्लॉक सुटला! मोकळा झालो!"

समोर कुसुमकाकू. हातात पितळी पेला.

काकूंनी पेला खाली ठेवला. आभाळाकडे हात जोडले. आणि मग गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माह्या काढ्यानं! शंभर टक्के होता शंभर टक्के! नऊ दिवसात मोकळा!"

तिथेच सांगायचं होतं. सांगितलं का? नाही. गल्ली गोळा झाली, कोणी काकूंच्या पाया पडतंय, कोणी माझी नाडी बघतंय, वानखेडेंचा साडू फोनवर माझा बनियनमधला फोटो काढून सगळीकडे पाठवतोय. अशा वेळी 'ती कादंबरी होती' म्हणायला जिगर लागते. मी नुसती मान हलवली. ती मान आडवी होती की उभी, तेसुद्धा आठवत नाही.

दुसऱ्या दिवसापासून काकूंच्या दारात माणसं. कोणी बाटली घेऊन, कोणी स्टीलची किटली घेऊन. कोणाचा गुडघा, कोणाचा श्वास, कोणाची दाढ. काकू सगळ्यांना सांगायच्या, "मास्तरले विचारा." आणि माणसं मला विचारायला यायची! मी म्हणायचो, "प्रत्येकाची प्रकृती वेगळी." काय पण थोर उत्तर!

आणि रविवारी सकाळी सुमन भाजी घेऊन आली ती पिशवी फेकतच.

"ऐकलं का? नामदेवराव ऑपरेशन करत नाही म्हणून राहिले! उद्या भरती व्हायचं होतं. पोराले म्हणे, सरचा शंभर टक्के काढ्यानं मोकळा झाला, माहा तर फक्त ऐंशी टक्के आहे!"

खोटं नाही सांगत, त्या क्षणी माझ्या छातीत खरोखर कळ आली.

मी स्कूटर काढली. सुमन मागे बसली, खांद्याला तिची कापडी पिशवी. मला सारखा तो दुपट्टेवाला माणूस दिसत होता. मला वाईट वाटू नये म्हणून ज्यानं आपली गोष्ट सांगितली, त्याला मी मारायला निघालो होतो.

नामदेवरावांच्या घरी पुढच्या खोलीत सगळे जमले होते. नामदेवराव खाटेवर, काकू काढ्याची किटली घेऊन उशाशी, आणि मुलगा विजय भिंतीला टेकून. पोराचा चेहरा पांढरा पडला होता. मला पाहिल्यावर नामदेवराव हसले, "या सर! सांगा याले. तुमचं पाहूनच मी ठरवलं."

मी उभ्या उभ्या सगळं ओकलो. "नामदेवराव, मला ब्लॉक नव्हताच. छाती माझी ठणठणीत आहे. मी कादंबरी लिहितो. ती अडली होती. त्याला ब्लॉक म्हणतात. मी खोटं बोललो. तुम्ही आजच्या आज दवाखान्यात चला."

मग काकू हळूच म्हणाल्या, "डॉक्टर लोकाईनं दम देल्ला का मास्तर?"

"नाही हो काकू!"

"मग काहून माह्या काढ्याचं नाव खराब करून राहिले? मी तुमच्यासमोर उभी राहून पाजला!"

नामदेवरावही समजुतीच्या सुरात म्हणाले, "सर, तुम्ही मोठ्या मनाचे आहात. माह्यासाठी खोटं बोलून राहिले. पण मले ऑपरेशन नाही करायचं. मले भीती वाटते, खरं सांगू का. छाती उघडतात म्हणे. त्यापेक्षा काढा बरा."

"अहो, देवाशप्पथ मी लेखक आहे!"

"कोणतं पुस्तक आहे मग तुमचं?" विजयनं विचारलं.

"अजून एकही नाही."

"हं," काकू म्हणाल्या.

पाहा कशी गंमत असते. आयुष्यभर मी लपवत आलो की मी लेखक आहे, आणि ज्या दिवशी छाती ठोकून सांगायला गेलो त्या दिवशी माझ्यावर कोणी विश्वास ठेवायला तयार नाही!

तेव्हा सुमननं पिशवीतून हस्तलिखित काढलं आणि माझ्या हातात दिलं. म्हणाली, "वाचा."

मी सातवं प्रकरण उघडलं. पाच वर्षांची मेहनत, पहिल्यांदाच कोणाला वाचून दाखवत होतो. 'कन्हानच्या संथ, सनातन, सावळ्या प्रवाहाकडे पाहत सदाशिव उभा होता. काळ उभा होता. आणि त्या उभेपणात एक आदिम ओल होती…' पहिलं पान संपेपर्यंत काकूंची मान खाली गेली. दुसऱ्या पानाच्या मध्यावर त्यांच्या हातातली किटली कलंडली आणि सगळा काढा जमिनीवर गेला, पण त्यांना जाग आली नाही. विजय बाहेर कुठलं तरी कुत्रं भुंकतंय का ते बघायला गेला. मी रंगात आलो होतो. बगळे उडायला लागले होते.

"थांबा सर," नामदेवराव म्हणाले. "तो पोरगा पुलाकडं जाऊन राहिला का?"

"हो! पुढे जातो."

"पुलावर तिचा बाप आहे? सायकल घेऊन?"

"आहे! तुम्ही सांगितलं ना, म्हणूनच तर सुटला माझा ब्लॉक!"

नामदेवराव खाटेवर सरळ झाले. त्यांनी माझ्या हातातला गठ्ठा पाहिला, मग मला पाहिलं. "म्हणजे खरंच हाच ब्लॉक होता तुमचा? हे लिहिता येत नव्हतं, तो?"

"हाच."

"छाती चांगली आहे?"

"एकदम चांगली."

नामदेवरावांनी गठ्ठ्याची जाडी बोटांनी चाचपली. मग म्हणाले, "सर, मी हे दोन मिनटात सांगतलं होतं. दोन मिनटात मी पलीकडं जाऊन पाणीही प्यालो होतो. तुमचा पोरगा अजून सायकलीपाशी काहून नाही पोचला?"

"त्याआधी थोडं वातावरण आहे."

"किती?"

"आणखी अकरा पानं."

"अन् सारी मिळून किती पानं आहेत?"

"चारशे बारा," मी नम्रपणे म्हणालो. "तुम्हाला ऐकायची असतील तर मी आजपासून रोज येऊन वाचतो. तुमचं मन शांत होईपर्यंत."

नामदेवरावांनी पाय खाली घेतले, चपला शोधल्या आणि बाहेर आवाज दिला, "विजय! गाडी काढ गा! दवाखान्यात फोन कर, म्हणा मी येऊन राहिलो. आत्ताच!"

त्याच संध्याकाळी ते भरती झाले, मंगळवारी बायपास झाली. व्यवस्थित झाली. पाचव्या दिवशी मी मोसंबी घेऊन भेटायला गेलो तर उठून बसले होते, हसत होते. मी कान पकडले. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. काकू आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत, मग एक दिवस आपणहून आल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, नऊ दिवस काढा पेले, तुमची खोकली तर गेली ना?" मी म्हटलं, गेली. मला खोकला नव्हताच, पण माणसानं किती खरं बोलावं? शाळेत बाईंसमोरही सगळं कबूल केलं. त्यांनी सहामाहीचे पाचवी ते नववीचे सगळे भूगोलाचे पेपर माझ्याकडे दिले आणि वानखेडे सर आता मला पाहिलं की शिट्टी फुंकून विचारतात, "मोकळं आहे ना सर?"

झालं गेलं, असं मी समजत होतो. परवा दुपारी फोन आला. त्याच दवाखान्यातून, एक सिस्टर बोलत होत्या.

"सर, ते कादंबरीवाले तुम्हीच ना?"

माझी छाती फुगली. कादंबरीवाले! आयुष्यात पहिल्यांदा कोणी तरी मला त्या नावानं हाक मारली होती. मी आवाज जरा खाली आणून म्हणालो, "हो, मीच. बोला."

"नामदेवकाकांनी तुमचा नंबर दिला. आमच्याकडे उमरेडचे एक आजोबा आहेत. ऑपरेशनले काही केल्या हो म्हणून नाही राहिले. घरचे समजावून थकले, डॉक्टर समजावून थकले. तुम्ही उद्या ती वही घेऊन येता का?"

"येतो की! अवश्य येतो," मी म्हणालो. "सुरुवातीपासून वाचू ना?"

पलीकडे त्यांनी कोणाला तरी विचारलं. मग म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतात, सर, दोनच पानं आणा. आजोबांचं वय झालंय, जास्त डोस झेपणार नाही."